सिनेमा अडखळतो, की माझी नजर?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नाशिकच्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय ५२. घरात त्या, त्यांचे यजमान आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा. २०१२ साली घेतलेला ३२ इंची एलसीडी टीव्ही या पावसाळ्यात बंद पडला आणि दुरुस्तीवाल्यानं हात टेकले. नव्यासाठी सव्वा लाखापर्यंत तयारी आहे. पण गणपतीत दिरांकडे त्यांच्या नव्या ६५ इंची ओएलईडी टीव्हीवर सगळ्यांनी मिळून सिनेमा पाहिला, तेव्हा ताईंना भलताच त्रास झाला. कॅमेरा डोंगरावरून सरकला की झाडं उड्या मारत पुढे जात होती, रस्त्यावरून गाडी गेली की ती हिसके देत गेल्यासारखी दिसत होती. मध्यंतरापर्यंत डोकं जड झालं. बाकी कोणाला काहीच दिसलं नाही. जाऊबाई म्हणाल्या, "चष्म्याचा नंबर बदलला असेल." मुलगा म्हणाला, "आई, सिनेमा असाच असतो, सवय होईल." दुकानात एका टीव्हीवर सगळं लोण्यासारखं मऊ सरकत होतं, पण तो घ्यायचा म्हटल्यावर मुलानं नाक मुरडलं: "त्यात सिनेमा मालिकेसारखा दिसतो." थिएटरात मात्र ताईंना असा त्रास कधी होत नाही. त्या विचारतात, "माझ्याच डोळ्यांत काही दोष आहे का? महागातला टीव्ही घेतला तर हे थांबेल का? की मी आपली गप्प बसून घरच्यांना हवा तो घेऊ द्यावा?"

ताई,

तुम्हाला जे दिसलं ते पडद्यावर खरोखर होतं. भास नव्हता. चष्म्याचा नंबर जरूर तपासून घ्या, पन्नाशीनंतर तो तसाही तपासायचाच असतो, पण झाडांच्या उड्या त्यानं थांबणार नाहीत.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमच्या, म्हणजे २४ स्थिर चित्रांच्या वेगानं चित्रित होतो. बोलपट आले तेव्हा, म्हणजे १९२०च्या दशकाच्या अखेरीस हा आकडा पक्का झाला. आवाज फिल्मच्याच कडेला छापायचा तर फिल्म एका ठरलेल्या वेगानं पळायला हवी होती. फार सावकाश पळवली तर आवाज बिघडायचा, फार वेगानं पळवली तर फिल्मचा खर्च परवडायचा नाही. मधला मार्ग म्हणून २४. शंभर वर्षं होत आली, तोच आकडा चालू आहे.

आता थोडा हिशेब करू. कॅमेरा आडवा सरकतो आहे आणि एक झाड पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला पाच सेकंद लागताहेत. पाच सेकंदांत १२० फ्रेम, म्हणजे झाड १२० उड्यांमध्ये पलीकडे जातं. तुमच्या जुन्या ३२ इंची टीव्हीचा पडदा साधारण ७१ सेंटीमीटर रुंद होता, तेव्हा एक उडी सहा मिलिमीटरची. दिरांच्या ६५ इंची पडद्याची रुंदी १४४ सेंटीमीटर, म्हणजे तीच उडी बारा मिलिमीटरची. सोफा भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर असेल तर नजरेला ती दुप्पट लांब पडते. दोन उड्यांच्या मध्ये जे नाही ते मेंदूनं भरून काढायचं असतं. बहुतेकांचा मेंदू मुकाट्यानं भरतो. काहींना त्या जोडकामाची शिवण दिसते. तुम्ही त्या काहींपैकी आहात.

सिनेमा बनवणाऱ्यांना ही शिवण चांगली ठाऊक असते. कॅमेरामन मंडळींत एक ढोबळ नियम चालत आलेला आहे: आडवा कॅमेरा फिरवताना एखादी वस्तू पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला निदान सात सेकंद लागू द्यावेत, नाहीतर चित्र अडखळतं. म्हणजे जी गोष्ट टाळण्यासाठी त्या धंद्यातली माणसं नियम करून बसली आहेत, ती तुम्हाला घरबसल्या दिसली. यात डोळ्यांचा दोष कुठे आला?

एक अपवाद मात्र नोंदवून ठेवतो. मोबाईलवर भराभर पानं सरकवताना, बसमध्ये, झोपाळ्यावर, सगळीकडेच अलीकडे गरगरायला लागलं असेल, किंवा डोकेदुखी नवी असेल आणि टीव्ही बंद केल्यावरही राहत असेल, तर टीव्हीच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जा. तुमच्या पत्रात तसं काही नाही.

मग थिएटरात हे का होत नाही? तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य तेच, कारण सगळी गोम तिथे आहे. थिएटरचा पडदा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा फार मंद असतो. डिजिटल थिएटरसाठी पडद्यावरच्या पांढऱ्या रंगाची ठरलेली उजळता ४८ निट्स आहे (निट हे उजळता मोजायचं माप). घरातला चांगला टीव्ही एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातला फरक वाढवून दाखवणाऱ्या सिनेमात कित्येक शे निट्सपर्यंत सहज जातो, काही हजाराच्याही पुढे. चित्र जितकं झगझगीत तितकी उडी डोळ्यात जास्त खुपते. जुन्या फिल्मच्या प्रोजेक्टरमध्ये तर आणखी एक युक्ती होती. भिंगासमोर फिरणारं एक पातं असायचं, ते एकेक फ्रेम दोनदा, कधी तीनदा दाखवायचं आणि मधल्या क्षणी पडदा पूर्ण काळा करायचा. जत्रेतल्या तंबूत बसून सिनेमा पाहिलेल्यांना प्रोजेक्टरची ती फडफड आठवत असेल. डोळ्याला मध्ये अंधाराचा घोट मिळायचा. आजच्या टीव्हीवर फ्रेम लागली की पुढची येईपर्यंत ती तशीच लख्ख उभी राहते आणि मग एकदम दुसरी. सुमारे ४२ मिलिसेकंद थांब, उडी, पुन्हा थांब.

आणि इथेच तुमचं पहिलं गृहीतक कोसळतं: महागातला टीव्ही घेतला की त्रास थांबेल. या एका बाबतीत बरेचदा उलटं होतं. ओएलईडी हा आजचा सगळ्यात देखणा पडदा, त्यातला काळा रंग खरा काळा. पण त्याचे बिंदू, म्हणजे पिक्सेल, रंग बदलायला एक मिलिसेकंदसुद्धा घेत नाहीत. जुनी फ्रेम क्षणात जाते, नवी क्षणात येते, मध्ये कसलीच पुसटता नाही. तुमचा जुना एलसीडी या बाबतीत संथ होता. त्याच्या बिंदूंना रंग बदलायला वेळ लागायचा, त्यामुळे एक फ्रेम दुसरीत थोडी विरघळायची आणि उडीची धार बोथट व्हायची. तुम्ही इतकी वर्षं लहान, कमी उजळ आणि जरा आळशी पडद्यावर सिनेमे पाहिलेत. त्या आळसानंच तुम्हाला सांभाळलं. आता एकदम मोठा, झगझगीत आणि चपळ पडदा समोर आला आणि मूळ सिनेमा जसा आहे तसा उघडा पडला.

इतकं सांगितल्यावर कोणी म्हणेल, मग सगळाच दोष २४ फ्रेमचा. तसंही नाही. "चित्र धक्के देतं" या एका तक्रारीच्या पोटात तीन वेगवेगळी दुखणी असतात आणि प्रत्येकाचं औषध निराळं. मी त्यांना माझ्यापुरती नावं ठेवली आहेत: अडखळणं, लंगडणं आणि ठेच लागणं.

अडखळणं म्हणजे आत्ता सांगितलं ते. उड्या एकसारख्या, पण मोठ्या. ते सिनेमातच असतं.

लंगडणं हे सिनेमात नसतं, ते दाखवणाऱ्या यंत्रणेत असतं. साधा टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करतो, म्हणजे ६० हर्ट्झ. ६० ला २४ नं भागलं तर अडीच येतात आणि एक फ्रेम अडीच वेळा दाखवता येत नाही. मग एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा, पुन्हा तीनदा. एक ५० मिलिसेकंद थांबते, दुसरी ३३. झाड एक पाऊल लांब, एक पाऊल आखूड टाकत चालतं, अगदी लंगडत. १२० हर्ट्झच्या पडद्यावर मात्र प्रत्येक फ्रेम नेमकी पाच वेळा बसते, १४४ वर सहा वेळा. लंगडणं संपतं. काही ६० हर्ट्झचे टीव्हीसुद्धा शहाणे असतात. २४ चा सिनेमा ओळखून ते ४८ वर उतरतात. पण पडदा कितीही चांगला असला तरी त्याला सिनेमा देणारी डबी लंगडी असेल तर काय उपयोग? टीव्हीच्या मागे खोचायच्या स्टिक पुष्कळदा सगळंच ६० करून पाठवतात. फायर टीव्ही स्टिकमध्ये मूळ फ्रेम रेटशी जुळवून घेण्याचं सेटिंग आहे, ॲपल टीव्हीत 'मॅच कंटेंट'मध्ये 'मॅच फ्रेम रेट' आहे. ती सुरू करायची, किंवा सरळ टीव्हीतलंच ॲप वापरायचं. माझा कल दुसऱ्याकडे.

सेट टॉप बॉक्सची गोष्ट वेगळी. आपल्याकडचं प्रक्षेपण सेकंदाला ५० च्या हिशेबानं चालतं, त्यामुळे चॅनेलवर सिनेमा बहुधा २५ फ्रेमच्या वेगानं, म्हणजे चार टक्के घाईत लागतो आणि प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा बसते. तुम्ही जुन्या टीव्हीवर आयुष्यभर चॅनेलवरचे सिनेमे पाहिले असतील, तर लंगडणं तुमच्या वाट्याला आलंच नसेल. ते ओटीटीबरोबर घरात आलं.

ठेच लागणं सगळ्यात सोपं. सिनेमा नीट चालला आहे आणि मध्येच अर्धा क्षण गचका बसतो, मग पुन्हा नीट. ते वायफायचं किंवा टीव्हीतल्या कमजोर प्रोसेसरचं काम. राउटर जवळ आणा, नाहीतर लॅनची वायर जोडा. तुमच्या दिरांकडे हे नव्हतं, तुमच्या वर्णनावरून खात्रीनं सांगतो.

आता मुलाचं म्हणणं घेऊ, कारण तो निम्मा बरोबर आहे. दुकानात तुम्ही पाहिलेलं लोणी म्हणजे टीव्हीनं दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये स्वतः बनवून घुसवलेल्या खोट्या फ्रेम. झाड इथे होतं, पुढे तिथे आहे, तर मध्ये ते कुठे असेल याचा अंदाज बांधून टीव्ही नवं चित्र रंगवतो. हालचाल मऊ होते, पण सिनेमाचा पोत जातो. मालिका, बातम्या, क्रिकेट हे सगळं आपण वर्षानुवर्षं व्हिडिओच्या, सेकंदाला ५० क्षण टिपणाऱ्या चित्रात पाहत आलो, म्हणून तसं मऊ चित्र दिसलं की मन म्हणतं, ही मालिका. लाखो रुपयांचा सेट अचानक प्लायवुडचा वाटायला लागतो. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅकक्वारी यांनी खास व्हिडिओ काढून लोकांना विनवलं होतं की घरी सिनेमा पाहताना हे सेटिंग बंद करा. २०१९ मध्ये टीव्हींसाठी 'फिल्ममेकर मोड' जाहीर झाला, मार्टिन स्कॉर्सेसी आणि ख्रिस्तोफर नोलन यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी त्याला पाठिंबा दिला. त्या मोडमध्ये ही लोणीगिरी बंदच असते. तुमच्या मुलानं हे सगळं वाचलेलं दिसतंय.

पण दिग्दर्शकांनी सिनेमा बनवला तो मंद पडद्याच्या अंधाऱ्या खोलीसाठी. तुमच्या दिवाणखान्यात ती परिस्थिती नाही, तुमच्या मुलाला हव्या त्या टीव्हीतही नसणार. शिवाय हे सेटिंग म्हणजे दिव्याचं बटण नाही, की एकतर चालू नाहीतर बंद. बहुतेक चांगल्या टीव्हीत ते पंख्याच्या रेग्युलेटरसारखं असतं. एलजीमध्ये 'ट्रूमोशन'च्या आत 'युजर सिलेक्शन' निवडलं की 'डी-जडर' नावाची ० ते १० ची पट्टी मिळते. सॅमसंगमध्ये 'पिक्चर क्लॅरिटी' कस्टम केली की 'जडर रिडक्शन'. सोनीत 'मोशनफ्लो'मध्ये 'स्मूदनेस'. दहावर ठेवलं की मालिका. शून्यावर ठेवलं की तुमचं डोकं. दोन किंवा तीनवर उडीची धार जाते आणि सिनेमा सिनेमाच राहतो. घरातल्या ज्यांना काही दिसत नाही, त्यांना फरक बहुधा कळणारही नाही.

माझ्या मते उत्तम तोडगा असा: चित्र फिल्ममेकर किंवा सिनेमा मोडमध्ये ठेवायचं, म्हणजे रंग आणि उजळता सौम्य राहतात, आणि त्याच मोडमध्ये ही पट्टी तेवढी हातानं दोन-तीनवर न्यायची. मुलाला दिग्दर्शकाचे रंग मिळाले, तुम्हाला झाडं चालती मिळाली. त्यावरही तो कुरकुरला तर त्याच्यासाठी दुसरा मोड तसाच, पट्टी शून्यावर ठेवून द्या. रिमोटवर दोन बटणं दाबली की ज्याचा त्याचा सिनेमा. (गेमसाठीच्या मोडमध्ये ही सोय साधारणपणे आपोआप बंद होते, तिथे भांडण नाहीच.)

तर मग घ्यायचा कोणता?

तुमच्या सव्वा लाखाच्या आसपास बहुधा दोन वाटा समोर येतील: मोठा, १२० किंवा १४४ हर्ट्झचा एलईडी, जो मुळात मागे एलईडीचे दिवे लावलेला एलसीडीच असतो आणि ज्याला दुकानात क्यूएलईडी, मिनी एलईडी असं काहीही म्हणतील, किंवा त्याहून लहान ओएलईडी. मी तुमच्या जागी असतो तर पहिला घेतला असता, आणि तोही ६५ नव्हे, ५५ इंची. ५५ चा पडदा १२२ सेंटीमीटर रुंद, म्हणजे आपल्या झाडाची उडी बारावरून दहा मिलिमीटरवर येते. फरक थोडा वाटेल, पण सोफा फूटभर मागे सरकवला की आणखी कमी होतो, आणि उरलेले पैसे चांगल्या प्रोसेसरच्या वरच्या मॉडेलमध्ये घालता येतात. खोट्या फ्रेम बनवणं हे प्रोसेसरचं काम आहे आणि स्वस्त टीव्ही ते गचाळ करतो. माणूस जाळीसमोरून चालला की त्याच्या कडेला धुरकट वलय येतं, सायकलच्या चाकाच्या तारा मोडतात. साध्या ६० हर्ट्झच्या टीव्हीत तर ही पट्टी बहुधा नसतेच, असली तरी नावापुरती. म्हणून तुम्हाला नको तो टीव्ही कोणता, हे मी ठामपणे सांगू शकतो: मोठा, स्वस्त, ६० हर्ट्झचा. त्याच्यावर अडखळणंही मिळेल आणि बहुधा लंगडणंही.

एलईडीच्या संथपणाचीही एक किंमत आहे. रात्रीच्या दृश्यात काळ्या पार्श्वभूमीवर माणूस हलला की त्याच्यामागे बारीकशी काळपट शेपूट दिसू शकते. ती तुम्हाला खुपते का, ते तपासा. आणि ओएलईडी पाहिल्यावर त्या काळ्या रंगावर तुमचंच मन बसलं तर जरूर घ्या, फक्त पट्टी शून्यावर ठेवणार नाही हे घरात आधी ठरवून घ्या.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दल मात्र सावध. मी स्वतः फसलो आहे. दसऱ्याच्या गर्दीत खोक्यावर ठसठशीत '१२०' बघून टीव्ही घेतला, घरी आल्यावर माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात पडदा ६० हर्ट्झचा असल्याचं सापडलं. तो १२० म्हणजे 'मोशन रेट' होता, कंपनीनं आपल्या कौतुकासाठी काढलेला गुणांक. बायको अजून कधीकधी त्याची आठवण काढते, विशेषतः मी दुसऱ्यांना सल्ले देत असतो तेव्हा. तेव्हा 'मोशन रेट', 'मोशन इंडेक्स' असल्या शब्दांपुढचा आकडा निम्मा समजा किंवा सोडूनच द्या. '१२० डीएलजी' असं लिहिलेलं असेल तर तो ६० चाच पडदा निम्म्या ओळी दाखवून १२० चं सोंग काढतो. गेमसाठी ठीक, सिनेमासाठी नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर तांत्रिक तपशिलात 'रिफ्रेश रेट' किंवा 'नेटिव्ह' या शब्दासमोर काय लिहिलं आहे, तेवढंच खरं.

दुकानात तुम्ही पाहिलं ते मी पुरावा म्हणून धरत नाही. तिथे टीव्ही दुकानाच्या मोडमध्ये असतात, उजळता कमाल, लोणी कमाल, आणि दाखवतात काय, तर संथपणे उमलणारी फुलं आणि पोहणारे मासे. फुलात काय अडखळणार? कामाच्या दिवशी, दुपारी, गर्दी नसताना जा. विक्रेत्याला टीव्ही घरच्या मोडमध्ये टाकायला सांगा. मुलाला बरोबर घ्या आणि त्याच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर टीव्हीतलंच ॲप उघडून तुम्हाला पाठ असलेला सिनेमा लावा. जिथे उजेडात कॅमेरा सावकाश आडवा सरकतो, तटबंदीवरून, शेतावरून, तो प्रसंग. तीच दोन मिनिटं तीनदा पाहा: पट्टी शून्यावर, तीनवर, सहावर. नंतर श्रेयनामावली. काळ्यावर पांढरी अक्षरं वर सरकताना लंगडत असतील तर ती लपत नाहीत. मोबाईलवर काढलेला लग्नाचा व्हिडिओ लावून बघू नका, तो बहुधा ३० किंवा ६० फ्रेमचा असतो आणि सगळ्याच टीव्हीवर बरा दिसतो. यूट्यूबवर काही लावलंत तर सेटिंगमधल्या 'स्टॅट्स फॉर नर्ड्स'मध्ये रिझोल्यूशनच्या पुढे २४ लिहिलं आहे का, ते मुलाला बघायला सांगा. तेवढ्या वेळात विक्रेत्याचा चेहरा पडेल. पडू द्या. उघडलेला टीव्ही "आवडला नाही" म्हणून परत घ्यायला दुकानं सहसा तयार नसतात, तेव्हा तोंड वाकडं करायचं असेल ते त्यांनी पैसे घेण्याआधी करावं.

किमतीबद्दल एकच. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्याआधीच्या किमतीशी तुलना करून कोणी "एवढी सूट" म्हणून फुशारकी मारत असेल तर त्यातली किती सरकारची आणि किती दुकानाची, ते विचारा.

ज्यांचा टीव्ही घेऊन झाला आहे आणि आता पत्र वाचून चुटपुट लागली आहे, त्यांनी काही विकायला काढू नये. आधी स्टिक सोडून टीव्हीचंच ॲप वापरून बघा. मग चित्राचा मोड 'व्हिविड' असेल तर तो काढा, उजळता उतरवा, मागे एक मंद दिवा लावा म्हणजे अंधारात पडदा अंगावर येणार नाही. मग ती पट्टी शोधा. शून्यावर असेल तर दोन करा, दहावर असेल तरी दोन करा. 'ब्लॅक फ्रेम' किंवा 'क्लिअर मोशन' नावाचं काही दिसलं तर त्याच्या वाटेला सहसा जाऊ नका. ते दोन फ्रेमच्या मध्ये अंधार घालतं, जुन्या प्रोजेक्टरसारखं, पण चित्राची उजळता कमी होते आणि बऱ्याच जणांना त्याचं लुकलुकणंच सोसत नाही. डोकेदुखीवर इलाज करता करता दुसरी डोकेदुखी.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, गप्प बसावं का. ताई, तुम्ही लिहिलं आहे की रात्री जेवणं आवरल्यावर सिनेमा लावून बसतात ते तुम्ही आणि तुमचे यजमान. मुलगा त्याच्या खोलीत लॅपटॉपवर असतो आणि पुढच्या वर्षी नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला जाईल. मग हा टीव्ही रोज बघणार कोण? ज्याला फरक दिसत नाही त्याला कोणताही पडदा चालतो, तेव्हा निवड ज्याला दिसतो त्यानं करायची असते. भाजीत मीठ जास्त झालंय हे एकालाच कळलं, तर आपण त्याची जीभ बिघडली म्हणत नाही. मुलाला खरेदीतून बाजूलाही काढू नका. त्याला फ्रेमचं कळतं, पट्टी शोधता येते. "तुझं म्हणणं मला पटलं, आता तीनवर ठेवून दाखव" म्हणा, तो हौसेनं करेल.

आणि पैसे मोजण्याआधी एक फुकटची परीक्षा शिल्लक आहे. दिरांनी दिवाळीला फराळाला बोलावलं आहे म्हणता, तर जा, आणि तोच सिनेमा, तोच डोंगर पुन्हा लावायला सांगा. मुलाकडून पट्टी शून्यावरून तीनवर करून घ्या. झाडं नीट चालायला लागली, तर ओएलईडीसुद्धा तुम्हाला वर्ज्य नाही आणि यादी लांबते. तरीही डोकं जड झालं, तर वरचा एलईडी पक्का समजा. निघताना मात्र पट्टी होती तिथे परत ठेवा. नाहीतर भावजी महिनाभर म्हणत राहतील की टीव्हीत काहीतरी बिघडलंय, आणि जाऊबाई त्यांनाही चष्म्याचा नंबर तपासायला पाठवतील.